समोरच्या बाईंचे उपवास

भात बिघडवणाऱ्या माणसांविषयी मला कधीच माया वाटली नाही. पोळी करपली तर तवा जास्त तापला म्हणता येतं. आमटी खारट झाली तर मीठ टाकताना कुणीतरी मधेच हाक मारली म्हणता येतं. भाताला सबब नाही. तांदूळ, पाणी, मीठ आणि विस्तव, चारच गोष्टी. त्या चार गोष्टीही ज्यांना सांभाळता येत नाहीत त्या बायका घरं सांभाळतात, मुलं वाढवतात आणि दुपारी जिन्यात बसून दुसऱ्यांच्या सुनांचे दोष काढतात, याचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय.

पिंपरीच्या कॉलनीत मी सोळा वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत माझ्या घराबाहेर शिजलेला चांगला भात मी एकदाच पाहिला. त्याचीच हकिगत सांगायची आहे, पण आधी बिघडलेल्या भातांतून जावं लागेल, कारण ते फार होते.

मी भात शिकले तो कण्यांवर. माझं माहेर पवनमावळातलं, तळेगावच्या पलीकडचं. सगळीकडे भाताची खाचरं, पण त्यांतलं एकही आमचं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जायची, कापणीला जायची आणि पुढे त्यांच्याच अंगणात बसून त्यांचं भात कांडायची. कांडून पांढराशुभ्र झालेला आंबेमोहोर त्यांच्या कणगीत जाई आणि पाखडून उरलेल्या कण्या आईच्या पदरात पडत. कण्या म्हणजे तुटका तांदूळ. पाणी जरा जास्त झालं, लक्ष जरा उडालं, की त्याचा लगदा होतो. आई त्या आधी कोरड्या भाजायची, मग पाण्याचा हबका मारत मारत शिजवायची, आणि पातेल्यातून कण कण मोकळा निघायचा. मी विचारलं, एवढी खटपट कशाला, पोटातच तर जाणार. ती म्हणाली, "तुटक्या दान्याला जपाया लागतं. आख्ख्याचं काय, त्यो कुनी बी शिजवील."

आख्खा दाणाही कुणी शिजवू शकत नाही हे तिला माहीत नव्हतं. ते मला कॉलनीत गेल्यावर कळलं.

माझं लग्न त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराचं. आमचे हे कंपनीत फिटर. पहिली दोन वर्षं पिंपरी गावातल्या एका खोलीत गेली आणि मग क्वार्टर मिळाली. क्वार्टर नंबर लागेल तशी मिळायची, जात विचारून नाही, आणि त्याबद्दल कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी कंपनीला मनातल्या मनात शिव्या दिल्या असणार. एका जिन्याला समोरासमोर दोन दारं. आम्ही सामान लावत होतो तेव्हाच समोरच्या बाई डोकावल्या. त्यांचा नवरा टाइम ऑफिसात कारकून. त्यांनी खिडक्या पाहिल्या, मोरी पाहिली, आणि मग भिंतीवरचा निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो पाहिला. नजर तिथे जरा थांबली. "हवेशीर आहे हो," असं फोटोकडे बघतच म्हणाल्या आणि आत टाकलेला एक पाय त्यांनी हळूच मागे घेतला. तेव्हापासून पुढे चौदा वर्षं त्या माझ्या दारात अशाच उभ्या राहिल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. मी त्यांना तेव्हाही अहो-जाहो करत होते, आताही करते. तेवढा मान द्यायला काही पडत नाही.

दोन घरांमधली भिंत नावापुरती होती. पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधी त्यांच्याकडे कोण शिंकलं तेही आम्हाला कळायचं. आणि जेवणाच्या वेळी त्यांच्या यजमानांचा आवाज हमखास यायचा. "हा भात आहे का पतंगाची खळ?" त्यावर बाईंचं काहीतरी पुटपुटणं, आणि मग ताट सरकवल्याचा आवाज. त्या माणसालाही मी फार मानत नव्हते. ज्याला स्वतःला पाणी तापवता येत नाही त्याने ताटावर बसून न्यायाधीश होऊ नये. पण भाताबद्दल तो खरं बोलत होता. सणाला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट यायचं, त्यातला भात मी पाहिला होता. वाटीची मूद पाडली होती आणि ती मूद भिंतीवर मारली असती तर तिथेच राहिली असती.

मग त्यांच्याकडे प्रेशर कुकर आला. जिन्यातल्या सगळ्या बायका जणू बाळंतिणीला भेटायला जातात तशा तो बघायला गेल्या. तीन शिट्ट्या झाल्या की सगळं तयार, असं बाई सांगत होत्या. तयार व्हायचं खरं, पण काय तयार व्हायचं ते यजमान संध्याकाळी मोठ्याने सांगायचे.

असं वर्षभर चाललं असेल. एका दुपारी बाई आल्या, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडून भाताचा वास येतो ना, तो आमच्याकडे येतच नाही. तांदूळ तर रेशनचाच ना तुमचाही?"

रेशनचाच होता. जाड, तांबूस, गोणपाटाचा वास येणारा, आणि खडे इतके की निवडताना दाताच्या डॉक्टरची आठवण यावी. मी त्यांना म्हटलं, उद्या याच वेळेला या, दाखवते.

त्या आल्या आणि दारातून शिकल्या. मीही शेगडी दाराजवळ ओढून घेतली, म्हणजे त्यांना मान लांब करायला नको. मी सांगत गेले. तांदूळ दोनदा धुवा, तिसऱ्यांदा नको, आणि चोळू नका, ते धोतर नाही. रोवळीत निथळत ठेवा आणि अर्धा तास त्याला विसरून जा. दुसरीकडे आधण ठेवा. पातेल्यात चमचाभर तेलावर तांदूळ परता, दाणा कोरडा वाजायला लागेपर्यंत. मग उकळतं पाणी घाला, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर येईल इतकं, तांदूळ जुना असला तर दीड पेर. मीठ घाला, एकदाच ढवळा आणि मग उलथणं हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवा. वरचं पाणी दिसेनासं झालं, भाताला भोकं पडली, की झाकण ठेवायचं. पातेल्याखाली तवा, आच मंद, झाकणावर दोन निखारे. आणि आता उघडून बघायचं नाही.

"मग शिजला हे कळणार कसं?"

"वासावरून."

त्या हसल्या, खेडवळ माणसाचं बोलणं ऐकून शहरातलं माणूस हसतं तसं. मी झाकण काढलं. रेशनचा तो जाड तांबूस तांदूळ, पण दाणा दाणा सुटा उभा होता आणि बोटाने दाबला तर लोण्यासारखा दबत होता. बाईंचं हसू गेलं. त्यांनी वाकून वाफ अंगावर घेतली. मी ताटलीत दोन चमचे भात वाढला, वर तुपाचा थेंब सोडला आणि पुढे केला.

"अय्या, आज माझा सोमवार ना," त्या म्हणाल्या. "उपवास आहे."

सोमवार होताच. मला तेव्हा काही वाटलं नाही.

पुढच्या खेपेला मसालेभात शिकायला आल्या तो गुरुवार निघाला. त्यानंतर फोडणीचा भात, ती चतुर्थी होती. मग एकादशी आली, मग मारुतीचा शनिवार आला. एकदा मी मुद्दाम असा बुधवार शोधून काढला की ज्याला कॅलेंडरवर काहीही नव्हतं, ग्रहण नाही, उपवासाची तिथी नाही, नुसता कोरा बुधवार. त्या दिवशी वांगीभात केला. बाईंनी सगळी कृती नीट ऐकून घेतली, कांदा कधी घालायचा ते दोनदा विचारलं, आणि ताटली पुढे आल्यावर म्हणाल्या, "आज ना, नवसाचा आहे." देवांवर एवढा भार टाकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि उपवास खरे असते तरी मी काही म्हटलं नसतं. पण आमच्या दोन घरांची मोरीची जाळी बाहेर गॅलरीत एकच होती. चतुर्थीच्या दिवशी भर दुपारी, चंद्र उगवायला अजून सात तास असताना, त्या जाळीवर भाताची शितं अडकलेली मी पाहिली. ती आमची नव्हती. इतका फुगलेला, पोट फुटलेला दाणा सगळ्या कॉलनीत एकाच घरात शिजायचा.

आमचे हे म्हणाले, "कशाला त्यांच्या मागं लागतीस? त्यांच्या पोटात आपला भात गेला नाही म्हणून आपल्या पोटात काय दुखतंय?"

दुखत होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला त्या बाईंनी माझ्या हातचा एक घास खायला हवा होता. त्यापुढे मला काही नको होतं. मैत्री नको होती, कौतुक तर त्या तोंडभरून करायच्याच. ज्या बाईला दोन मुठी तांदूळ शिजवता येत नाहीत, जिचा नवरा तिच्या भाताला खळ म्हणतो, ती माझ्या भातापुढे नाक वर करते, हे मला सहन होत नव्हतं. मी तिची कीव करावी की तिने माझी, याचा निकाल त्या एका घासावर अडला होता. आणि तो घास मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं ताटल्या पुढे करत राहिले, याबद्दल मला माझीही काही कमी चीड नाही.

डब्यांची गोष्ट त्याहून वाईट. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. त्यांच्याकडून गणपतीत मोदकांचा डबा यायचा. आमच्या घरी गणपती नव्हता, पण मोदकांशी आमचं भांडण नव्हतं, मुलं मिटक्या मारत खायची. पहिल्या वर्षी मी त्या डब्यात नारळीभात भरून परत पाठवला. गूळ मोजून, लवंग तुपात फुलवून, अगदी मन लावून केला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी बाई जिन्यात मला थांबवून म्हणाली, "ताई, तुमचा भात लई झ्याक व्हता. माज्या पोरांनी डबा चाटून पुसून खाल्ला."

पुढच्या वर्षापासून मी डब्यात शेंगदाणे घालू लागले. कधी गूळ, कधी चाकणचे कांदे. माहेराहून आंबेमोहोर आला तर तोही. ते सगळं समोर ठेवून घेतलं जायचं.

पंचाहत्तरच्या पुढे-मागे कधीतरी कॉलनीत मॅकरोनी आली. एका मोठ्या साहेबांच्या बाई परदेशात सहा महिने राहून आल्या होत्या आणि कामगारांच्या बायकांना काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. त्यांनी आम्हाला कॉलनीच्या हॉलमध्ये बसवलं, आपल्या स्वयंपाक्याकडून मॅकरोनी शिजवून घेतली, वर मैद्याची पांढरी पेज ओतली, डब्यातलं चीज किसलं आणि "पौष्टिक" असं चार वेळा म्हणाल्या. ती चव आजारी माणसाला द्यायच्या लायकीची होती. मग प्रत्येकीला पुण्याच्या कॅम्पातून आणलेलं एकेक पाकीट वाटलं आणि घरी करून बघायला सांगितलं.

घरी काय झालं ते सांगायला नको. एकीने ती तांदळासारखी तीन पाण्यांनी धुतली आणि तासभर भिजत घातली. तासाने तिच्याकडे कणीक तयार होती. एकीने दूध-गुळात शेवयांसारखी शिजवली. समोरच्या बाईंनी अर्थातच कुकरला लावली, तीन शिट्ट्या केल्या आणि भांड्यातून एक अखंड पांढरी वीट काढली. ती त्यांनी सुरीने कापली, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

पण त्याआधी जिन्यात चर्चा झाली ती महत्त्वाची. मॅकरोनी खरकटं धरायची का नाही? भात खरकटा, हे तर लहान मुलालाही ठाऊक. भाताचा हात कुठे लावायचा नाही, भाताचं भांडं वेगळं, कुणाच्या घरचा भात खायचा आणि कुणाच्या नाही हे सगळं ठरलेलं. आता ही आली नवीन. एक म्हणाली, गव्हाची आहे आणि पाण्यात शिजते, म्हणजे खरकटंच झालं. दुसरी म्हणाली, पण आपण कुठे लाटली, ती तर पाकिटातून आली. शेवटी समोरच्या बाईंनी निवाडा दिला. ही यंत्रातून निघते, हिला कुणाचा हात लागलेला नाही, तेव्हा ही खरकट्यात धरायची नाही. सगळ्यांना पटलं. माणसाच्या हातापेक्षा यंत्र स्वच्छ, हे पिंपरीच्या बायकांना पटायलाच हवं, सगळ्यांचे नवरे यंत्रांवरच होते.

मी ती केली. पाकीट उघडल्यावर एक नळी दाताखाली फोडून पाहिली आणि कळलं की हिच्यात पाणी जिरवायचं नाही, वेळायचं आहे. घरात धान्य कमी असलं की आई तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी वेळून काढायची; पेज आम्हा पोरांना आणि शितं बाबांना, कारण त्यांना कामावर जायचं असे. मी मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळलं, मीठ घातलं, मॅकरोनी सोडली. मधला कण जरा कच्चा आहे तोवरच रोवळीत उपसली आणि तेलाचा हात फिरवला. मग कढईत कांदा, लसूण, हिरवी मिरची, भरपूर टोमॅटो, चमचाभर गोडा मसाला. टोमॅटोला तेल सुटलं की मॅकरोनी घालून दोन वाफा, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. साहेबांच्या बाईंनी ती चाखली असती तर परदेशात सहा महिने फुकट घालवले असं त्यांना वाटलं असतं.

वास जिन्यात गेला आणि समोरचं दार उघडलं. तो गुरुवार होता. मी काही पुढे केलं नाही. त्याच म्हणाल्या, "बघू तरी हो, कशी झालीय."

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. "आणि हिच्यात कांदा-लसूण आहे."

"असू दे हो. हिचं काय, ही कुठे आपल्यातली." त्या वळल्या, घरात गेल्या आणि एक स्टीलची ताटली घेऊन आल्या. "माझीच आणली. तुम्हाला उगीच घासायला नको."

मी त्यांच्या ताटलीत वरून वाढलं. दारात उभ्या राहून, एक पाय आत, एक बाहेर, त्यांनी ती संपवली आणि पुन्हा मागितली. "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे," असं म्हणाल्या आणि ताटली घेऊन गेल्या.

मला त्या संध्याकाळी आनंद झाला होता. हे लिहितानाही लाज वाटते. स्वतःची ताटली घेऊन आलेल्या बाईने यंत्रातल्या चार नळ्या खाल्ल्या आणि मी मुलांना वाढताना गुणगुणत होते. हातातली पळी खाली ठेवल्यावर माझं मला कळलं. माझ्या हाताला चव आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो हात तांदळाला लागू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आई आमच्याकडे राहायला आली. बाबा गेले होते, तिला दम लागायचा, गावात एकटी ठेवणं बरं नव्हतं. ती दिवसभर गॅलरीत भिंतीला टेकून बसायची आणि जिन्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. समोरच्या बाईंशी तिचं जमलं. बाई तिला आजी म्हणायच्या, तिच्याशी बोलताना उंबऱ्यावर टेकायच्यासुद्धा, अर्थात त्यांच्या. आई त्यांना कण्या कशा शिजवायच्या ते सांगायची. आधी भाजायच्या, मग पाण्याचा हबका, मग झाकण, आणि मधेमधे उघडून बघायचं नाही. बाई "हो का आजी" म्हणत ऐकायच्या. आई त्यांना म्हणायची, "या की आत. बसा, घास खावा." त्या म्हणायच्या, आज उपवास आहे आजी. आई मला आत येऊन सांगायची, "लई देवाची बाई हाय गं."  म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार?

एके दिवशी सकाळी आईला जरा बरं वाटत होतं. तिने हट्टाने शेगडी पेटवून घेतली, गावाहून आणलेल्या कण्या काढल्या आणि स्वतः शिजवल्या. मी मदतीला हात लावला तर तो तिने बाजूला सारला. कण्या झाल्या, तशाच झाल्या जशा तीस वर्षांपूर्वी व्हायच्या. तिने वाटीत भरल्या, वर गुळाचा खडा ठेवला, आणि मी थांब म्हणायच्या आत भिंत धरत धरत समोरच्या दाराशी गेली. मी मागून बघत होते. दार उघडलं. बाईंनी वाटी पाहिली, आईला पाहिलं, मागे उभ्या असलेल्या मला पाहिलं. त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग म्हणाल्या, "आजी, आज उपवास आहे हो."

आई वाटी घेऊन परत आली. दम लागला होता म्हणून खाली बसली आणि बसल्याबसल्या स्वतःच त्या कण्या खाऊ लागली. दोन-तीन घास झाल्यावर म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय? जलमभर त्यांच्यासारक्यांच्या अंगनात कांडलं म्या. कांडलेलं चालतंय. शिजिवलेलं चालत न्हाई."

"मग गेलीस कशाला?"

"एवढी शिकली तुज्याकडं. म्हनलं, आता तरी खाईल."

त्या दिवसानंतर मी समोरच्या दाराशी बोलणं ठेवलं, पण ताटली पुन्हा पुढे केली नाही.

महिनाभरात आई गेली. सकाळी चहा मागितला आणि तो करून आणेपर्यंत गेली. गावाकडून नातेवाईक आले, दुपारपर्यंत सगळं उरकलं. मंडळी आंघोळी करून बसली. घरात चूल नव्हती पेटली. अशा वेळी शेजारच्या घरून पिठलं-भात यायचा असतो. कुणीतरी पिठलं आणलं, कुणी भाकरी आणल्या. मी आईच्या जागी गॅलरीत भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

समोरचं दार उघडलं. बाई दोन्ही हातांत मोठं पातेलं घेऊन आल्या. डोळे रडून सुजले होते, आणि ते खोटं नव्हतं, खोटं मला ओळखू येतं. माझ्याजवळ बसल्या. पातेलं खाली ठेवलं आणि झाकण काढलं.

वाफ आली तेव्हाच मला कळलं. कुकर नव्हता वापरला. आंबेमोहोर होता, मीच मागे डब्यातून पाठवलेला. दाणा दाणा सुटा, मऊ, वर पडलेल्या भोकांची किनारही कुठे मोडलेली नाही, कुठे करप नाही. इतकी वर्षं मी दारातून सांगत होते ते सगळं त्या पातेल्यात होतं. बाईंनी भात वाढून ताट माझ्यापुढे धरलं. 

"वहिनी, दोन घास खा. आजींनी सांगितलं तसं झाकण उघडून नाही बघितलं."

मी त्या भाताकडे बघितलं. त्यांच्या घरचा भात माझ्याकडे येऊ शकत होता, आजवर आलाच होता. आमचा त्यांच्या पोटात कधी गेला नव्हता.

"आज माझा उपवास आहे," मी म्हटलं.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. ताट तसंच हातात राहिलं. "वहिनी, आज तरी..." एवढंच म्हणाल्या. ते शब्द माझे होते, प्रत्येक ताटलीमागचे; त्यांच्यासमोर मी ते कधी बोलले नव्हते इतकंच. मग त्यांनी ताटातला भात पुन्हा पातेल्यात घातला, पातेलं उचललं आणि माझ्या घरात गेल्या. दोन्ही पाय आत. ओट्यावर पातेलं ठेवून बाहेर आल्या आणि मान खाली घालून आपल्या घरी गेल्या.

मुलं जेवली, हे जेवले, गावची मंडळी जेवली. हे म्हणाले, "आईच्या हातचा वाटतोय." मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी पातेलं घासून, पुसून परत दिलं, रिकामं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सवयीने आत पाहिलं.  पुढच्या वर्षी त्यांनी चिंचवडला स्वतःची जागा घेतली आणि त्या गेल्या.

पश्चात्ताप म्हणाल तर तो मला कधी झाला नाही. पण भूक लागली होती, आणि भात चांगला होता.